क्रूसाच्या दिवशीचा पाऊस

लास अनोनास, ९ जुलै

कोमाद्रे त्रान्सितो,

तुझ्या कोंबड्या माझ्याकडे आहेत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून घेशील. ती लंगडी होती ना, ती कोल्ह्याने नेली. बाकीच्या बऱ्या आहेत. अंडी मी खाते. राग आला तर येऊन भांड.

हे पत्र तुझी सून तुला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. येसेनिया, बाई, जसं लिहिलंय तसंच वाच. तुझ्या सासूला अक्षरं येत नसली तरी गाळलेलं बरोबर कळतं.

तू गाव सोडलंस हे मला बसवाल्या निचोकडून कळलं. 'दोन्या फिदे, तुमच्या कोमाद्रे सकाळी खाली उतरल्या, चोलुतेकाला, बोचकं मांडीवर घेऊन.' मी त्याला म्हटलं, हो, मला माहीत आहे. माहीत काही नव्हतं. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याला तू हातात धरलंस, म्हणून तर आपण कोमाद्रे. मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला, एल्पिदिओला, तू माझ्याबरोबर आंघोळ घातलीस, शेवटची. आणि जाताना माझ्या दारावरून गेलीस ती एक हाकसुद्धा न मारता. हे मनात ठेवायचं ठरवलं होतं, पण मनात जागा राहिलेली नाही. लिहून टाकलं. झालं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

इकडे पावसाने उघडीप दिलीय. अंगणातल्या खांबावरच्या, पाऊस मोजायच्या नळीत काल काही नाही, आज काही नाही. तरी सकाळी सातला मी खांबापाशी जाते, बघते, आणि मग टेकाडावर चढून खाली हवामानाच्या ऑफिसात फोन लावते. शून्यसुद्धा कळवावं लागतं. नाही कळवलं तर त्यांना वाटतं बाई झोपली. एल्पिदिओ शून्य सांगताना टोपी काढायचा, आठवतं? जसं कुणाच्या मयताचं सांगतोय. ऊस तोडून तोडून मूत्रपिंडं गेली, पाय सुजून भोपळे झाले, तरी त्या टेकाडावर चढायचा. आता मी चढते. मला टोपी नाही.

ज्यांच्याकडे मका शिल्लक होता त्यांनी जूनमध्ये दुबार पेरला. गुडघ्याएवढा आहे आणि पानं सुरळी करून उभा आहे. माझ्याकडे नव्हता.

आता कामाचं. गावच्या समितीत उतारावरच्या तुझ्या तुकड्याचा विषय निघाला. गावाची जमीन आहे, लागोपाठ दोन हंगाम पडीक राहिली तर दुसऱ्याला द्यायची. तुला नियम माहीत आहे, त्या नियमासाठी तूच एकदा हात वर केला होतास. अध्यक्ष म्हणून लेओकादिओंनी तो वाचून दाखवला.

मी म्हटलं, 'पण तिने मेमध्ये पेरलं होतं.'

'मेलेलं पेरणं धरत नाहीत.'

'मग तुमचंही मेलं होतं.'

'मी जूनमध्ये परत पेरलं, दोन्या फिदे. मी बसमध्ये बसून गेलो नाही.'

तेव्हा सप्टेंबरचा घेवडा हा तुझा शेवटचा हंगाम आहे. तो टोकायच्या आत ये. कुणी तुला काही बोलणार नाही. सगळे विसरलेत.

फिदेलिना


लास अनोनास, २८ जुलै

कोमाद्रे,

उत्तर आलं नाही. निचो म्हणतो पत्र त्याने येसेनियाच्या हातात दिलं. म्हणजे तू ऐकलं आहेस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळे विसरलेत. ते खरं नाही. तुला आणायचं म्हणून लिहिलं होतं, पण तुला आणून खोट्यात कशाला पाडू. माझ्या अंगणातल्या मापाला आता सगळे 'तीर्थाचं भांडं' म्हणतात. गिरणीवर दळण घेऊन गेले की बायका विचारतात, 'काय दोन्या फिदे, आज किती मिलिमीटर पुण्य पडलं?' पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. आता पीठ झाकते आणि निघते.

तुझं नाव मात्र कुणी घेत नाही. नाव न घेणं हे शिवीहून वाईट आहे, म्हणून तेही सांगून ठेवते.

त्या सभेबद्दल आपण दोघी बोललोच नाही. तू सभेतून घरी गेलीस आणि घरातून बसमध्ये. म्हणून मी माझ्या बाजूने काय पाहिलं ते लिहिते. येसेनिया, हे नीट वाच, तुलाही कळू दे तुझ्या सासूने काय केलं आणि काय नाही.

ऑफिसातून ओकेली आला होता. हातात आजूबाजूच्या गावांचे आकडे. तीन मेच्या, क्रूसाच्या दिवसाच्या रात्री, सगळीकडे तीन, चार, पाच मिलिमीटर. एकट्या लास अनोनासला सत्तावीस. पंचवीसच्या वर गेलं की रेडिओवर 'पेरा' म्हणून सांगतात, तसं आपल्याला सांगितलं, आणि आपण सगळ्यांनी पेरलं. मग महिनाभर आभाळ पांढरं. जे फुटलं ते करपलं, जे फुटलं नाही ते मुंग्यांनी नेलं. ओकेली दोष द्यायला आला नव्हता. तो म्हणाला, 'डोंगरात असं होतं कधीकधी, एकाच गावावर ढग रिकामा होतो.' तिथे विषय संपत होता, कोमाद्रे. तू गप्प बसली असतीस तर संपला असता. तू उठलीस, ओले नसलेले हात एप्रनला पुसलेस आणि म्हणालीस, 'ढग नव्हता. मी पेलाभर तीर्थ ओतलं होतं त्या नळीत.'

आधी सगळे हसले. लेओकादिओसुद्धा. मग एकेकाला आपापलं शेत आठवलं.

का ओतलंस ते तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही, कारण मला विचारायची गरज नव्हती. यंदा गावात प्रत्येक अंगणात क्रूस होता, रंगीत कागद लावलेला, खाली आंबे आणि काजूफळं ठेवलेली. माझ्या अंगणात नव्हता. विचारेल त्याला मी सुतक सांगितलं. खरं म्हणजे क्रूसासाठी हिओतेच्या झाडाची फांदी तोडायची, सोलायची, खड्डा घ्यायचा, हे सगळं एल्पिदिओ करायचा आणि माझ्याने कोयता उचलवला नाही. तू दरवर्षीसारखी पेला घेऊन घरोघरच्या क्रूसाला पाणी घालत आलीस. माझ्याकडे उभं असं एकच होतं, त्याने रोवलेला तो खांब. त्याचं घर कोरडं राहू नये म्हणून तू तिथे पाणी घातलंस. मी तेव्हा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या रात्री खरीच भुरभुर आली, पत्रे वाजले, अंगण भिजलं. सकाळी नळीत सत्तावीस पाहिले तेव्हा मला वाटलं, त्याने पाठवले.

बस. हे एवढंच आहे. यात पाप कुठे आहे ते मला सापडलं नाही.

ओकेली परत येऊन गेला. आता नुसत्या नळीवर कुणी पेरायचं नाही, असं ठरलंय. त्याने एक लोखंडी सळई दिलीय, वर आडवी मूठ, खाली टोक. ओल्या मातीत ती लोण्यासारखी जाते आणि ओल संपली की अडते. मग किती आत गेली ते बघायचं. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो आणि घेवड्याला पुढे मातीत जे साठलंय त्यावरच जगायचं असतं, म्हणून सळई कोपरभर तरी गेली पाहिजे. वरून कितीही पडो. आणि जी ओल सापडेल ती रविवारी प्रार्थनेनंतर देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर बोलायची, म्हणजे परत कुणी काही म्हणायला नको. पाच तुकडे त्याने निवडलेत. त्यातला एक तुझा आहे. 'हा वेगळा दिसतो,' म्हणाला. मी म्हटलं, वेगळा म्हणजे काय, ही बाई शेताला काडी लावत नाही, फांद्या छाटून तिथेच पसरते, गाव हसतं तिला, म्हणतं शेत आहे की न झाडलेलं अंगण. त्याने तेवढं लिहून घेतलं.

मातीवरचं एक पुस्तकही देऊन गेलाय. मी रोज एक पान वाचते, बोट ठेवून. युरियाच्या पोत्यांवर अक्षरं शिकलेल्या बाईला ते जड जातं, पण संध्याकाळी घरात दुसरा आवाज नसतो, म्हणून मोठ्याने वाचते.

ये.

फिदेलिना


लास अनोनास, १७ ऑगस्ट

कोमाद्रे,

तुझं पत्र मिळालं. एवढा मोठा लिफाफा, आत एक ओळ. 'कोंबड्या खाऊन टाक.'

हे तू म्हणालीस की येसेनियाने? कारण तू म्हणाली असतीस तर पुढे एखादी शिवी असती. येसेनिया, रागावू नकोस. मला माहीत आहे दोन लेकरं आणि तो तुझा भज्या-तोर्तियांचा गाडा आहे, सासू घरात असली की तुला हात मिळतात. मी तुझे हात काढून घ्यायला लिहीत नाही. पण तिची जमीन इथे आहे, ती तुझ्या गाड्यावर नाही.

कोंबड्या मी खाणार नाही. कोंबडी एकटीने खायची गोष्ट नाही.

या आठवड्यात नळीचे काही आकडे राहिले. ऑफिसातून विचारणा झाली. मी सांगितलं, टेकाडावर फोनला रेघ येत नव्हती. तू निचोला काही विचारू नकोस, तो वाढवून सांगतो.

उघडीप अजून तशीच आहे. सळई कुठेच चार बोटांच्या पुढे जात नाही. लेओकादिओंच्या शेतात तर दगडावर घातल्यासारखा आवाज आला. ते बाजूला उभे होते. म्हणाले, 'एवढा जोर लावू नका, दोन्या फिदे, सळई सरकारची एकच आहे आणि कंबरही तुमची एकच.' मी थोडं बसले. त्यांनी त्यांच्या डब्यातलं पाणी दिलं. वाईट माणूस नाही तो. मेमध्ये त्याने त्याच्या धाकट्या मुलाचंही बियाणं उसनं घेऊन पेरलं होतं. तो मुलगा आता त्याच्याशी बोलत नाही. हे तुला सांगावं की नाही, मी विचार करत होते. सांगितलं.

तुझ्या घराच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढलाय. कुणी लावला नाही, आपला आपण आलाय.

फिदेलिना


लास अनोनास, ४ सप्टेंबर, शुक्रवार

कोमाद्रे,

हे पत्र निचो उद्याच पोचवणार आहे. घाईत लिहितेय. येसेनिया, गाडा बाजूला ठेव आणि आधी हे वाच.

बुधवारी संध्याकाळी पाऊस आला. तासाभरात अठ्ठेचाळीस मिलिमीटर. ओढ्याने दोन्ही काठ सोडले, लेओकादिओंचं डुक्कर वाहून गेलं आणि खालच्या वळणावर जिवंत सापडलं. गाव रात्रीच बियाणं काढून बसलं. अठ्ठेचाळीस! मेमध्ये सत्तावीसला पेरलं होतं आपण.

काल सकाळपासून मी सळई घेऊन फिरले. पहिला तुकडा, चार बोटं. दुसरा, पाच. तिसरा माझा स्वतःचा, तिथेही तेच. वर चिखल, पायात किलोभर माती, आणि खाली राख घातल्यासारखं कोरडं. मार्चमध्ये सगळ्यांनी काडी लावलेली, उघडी पडलेली माती, त्यावर पाऊस आला तो उतारावरून घसरून ओढ्यात गेला. नळीत अठ्ठेचाळीस आहेत ते खरे आहेत, कोमाद्रे. पण ते ओढ्याला मिळाले.

रस्त्यात लोक थांबवत होते.

'काय, पेरायचं ना?'

'अजून नाही. खाली ओल नाही.'

'अहो, माझं डुक्कर पोहून आलं आणि तुम्ही ओल नाही म्हणता!'

लेओकादिओंचा मोठा मुलगा तर हसतच सुटला. 'पेलाभर पाण्यावर यांनी पेरायला सांगितलं आणि पुरावर थांबायला सांगतात.' मी पुढे गेले.

शेवटी तुझ्या तुकड्यावर गेले. खरं तर जायचं नव्हतं. दमले होते, आणि मालकीण नसलेल्या शेतात मला जड वाटतं. पाला बाजूला सारला, सळई टेकवली, आणि ती गेली. मी जोर लावला नाही. कोपरापर्यंत गेली, तशीच पुढे गेली. मला वाटलं उंदराचं बीळ लागलं. दुसरीकडे घातली. तिसरीकडे घातली. सगळीकडे तेच. मूठभर माती काढून दाबली तर लाडू झाला आणि तो लाडू फुटेना. तुझ्या त्या न झाडलेल्या अंगणाने बुधवारचा सगळा पाऊस गिळून ठेवलाय.

मी सळई पुसली आणि तिथेच पाल्यावर बसले.

कारण आता असं आहे बघ. आख्ख्या गावात आज वापशावर आलेली, पेरण्याजोगी जमीन एकच आहे, आणि तिची मालकीण चोलुतेकात बसली आहे. परवा रविवारी मला हे पायरीवर उभं राहून बोलायचंय. बोलले की तुझा तुकडा गेला. रविवारी संध्याकाळच्या आत तिथे दुसऱ्याच्या टोकणीच्या काठ्या लागतील, आणि त्यांनाही मी चूक म्हणू शकणार नाही, घरात पोरं आहेत त्यांच्या. आणि नाही बोलले, वाट खचली होती, जाता आलं नाही असं सांगितलं, तर कुणाला कळणार नाही. खरंच कळणार नाही. पण मग त्या मापाचं काय राहिलं? एकदा त्यातून खोटा आकडा गेला तो प्रेमाने गेला. दुसरा माझ्या हाताने जाणार.

एल्पिदिओला विचारते आहे कालपासून. तो नेहमीसारखा गप्प आहे.

तू रविवारच्या आत पोचू शकत नाहीस, ते मला कळतं. पण निघ.

फिदे


लास अनोनास, ६ सप्टेंबर, रविवार

कोमाद्रे,

मी बोलले.

चार तुकड्यांचे आकडे सांगितले. लोक कुरकुरले. मग तुझा सांगितला. पाद्री आत मेणबत्त्या विझवत होते त्याचा आवाज येत होता.

गिरणीवाली इल्दा म्हणाली, 'त्या कचऱ्याखाली?'

'त्याच कचऱ्याखाली.'

'खोटं बोलताय. मैत्रिणीची बाजू घेताय.'

मी सळई तिच्या हातात दिली. म्हटलं, जा, घालून ये. ती गेली, आणि तिच्यामागे निम्मं गाव. आम्ही बाकीचे पायरीवर बसून राहिलो. ते परत आले तेव्हा इल्दाच्या कोपरापर्यंत माती होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग जे व्हायचं ते झालं. लेओकादिओंचा मोठा म्हणाला, 'देवानेच दाखवलंय कुठे पेरायचं. मालकीण नाही. आजच टोकू या, पीक सगळ्यांनी वाटून घेऊ.' पुष्कळांनी माना हलवल्या. मी म्हटलं, 'ती ओल तिने ठेवलीय. आठ वर्षं तुमचं हसणं ऐकून ठेवलीय. ती आभाळाने ठेवलेली नाही.'

'मग ती आहे कुठे?' तो म्हणाला. 'आमचा मे महिना बुडवून गेली कुठे?'

कोमाद्रे, तेव्हा मी ओरडले. मी एल्पिदिओ गेला तेव्हाही ओरडले नव्हते. काय बोलले ते सगळं आठवत नाही. क्रूस नव्हता हे बोलले. भिंतीकडे तोंड करून पडले होते हे बोलले. 'तिने एका रांडमुंड बाईच्या अंगणात पाणी घातलं, एवढाच तिचा गुन्हा,' असं काहीतरी. बायकांनी मला खाली बसवलं. इल्दाने पाणी आणलं, पेल्यातून, आणि पेला बघून कुणीतरी हसलं, आणि मग स्वतःच गप्प झालं.

लेओकादिओंनी शेवटी निकाल दिला. पुढच्या रविवारपर्यंत मालकिणीने स्वतः येऊन टोकण सुरू केली तर जमीन तिची. नाही आली तर सोमवारी गाव टोकेल. तोवर तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, त्यांच्या मुलानेसुद्धा. मुलगा उठून गेला. दोन मुलं होती बोलणारी, आता दोन्ही अबोल झाली असतील.

पुढच्या रविवारपर्यंत. मी यापुढे लिहिणार नाही. लिहिण्यासारखं सगळं लिहून झालं, आणि माझा हातही दुखतो.

बियाण्याची काळजी करू नकोस. लाल घेवडा माझ्याकडे आहे, बाटल्यांत, राख घालून ठेवलेला. दोघींना पुरेल.

फिदेलिना


लास अनोनास, ३० सप्टेंबर

कोमाद्रे,

यापुढे लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तू आलीस आणि दोन दिवसांत परत गेलीस, आणि इतक्या थोड्या वेळात काय काय बोलायचं राहिलं ते आता आठवतंय.

शनिवारी बसमधून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, इतकी वाळलीस. मी म्हटलं, 'आलीस?' तू म्हणालीस, 'जमिनीसाठी आले. माणसांसाठी नाही.' ठीक आहे. पण मग बोचक्यातून तापाच्या गोळ्या काढून माझ्या चुलीवर का ठेवल्यास? निचोला विचारू नकोस म्हटलं होतं, तरी विचारलंसच. ऑगस्टमध्ये मी आठवडाभर उठू शकले नव्हते हे गावात कुणाला कळलं नाही आणि चोलुतेकात तुला कळलं. जमिनीसाठी आलेली बाई गोळ्या घेऊन येत नाही, एवढं मला समजतं. तेव्हा बोलले नाही, कारण तू रागावून बसमध्ये बसली असतीस.

टोकताना आपण फारसं बोललो नाही. तू काठीने भोक पाडत पुढे, मी दाणे टाकत मागे. ओळ संपली की तू कंबरेवर हात ठेवून उभी राहायचीस, मीही. मला बरं वाटत होतं. मार्चनंतर पहिल्यांदा दिवस आपोआप पुढे सरकत होता.

लेओकादिओ बांधावर आले तेव्हा मी घाबरले होते. त्यांनी टोपी काढली, तू काढली नाहीस. ते म्हणाले, 'पुढच्या मार्चमध्ये मी पण काडी लावणार नाही बहुतेक.' तू म्हणालीस, 'बहुतेक.' आणि पुढचं भोक पाडलंस. ते गेल्यावर माझ्या तोंडून हसू निघालं, तूही हसलीस, पण मान वळवून.

आणि मग संध्याकाळी ओट्यावर, ज्वारीच्या तोर्तिया खाताना, तू विचारलंस. इतक्या महिन्यांत तेवढंच एक.

'खरा किती पडला होता गं त्या रात्री?'

'चार.'

'म्हणजे बाकीचा माझा.'

'बाकीचा तुझा.'

'तेवीस,' तू म्हणालीस. 'पेला लहानच होता माझा.' आणि आपण दोघी इतक्या हसलो की कोंबड्या उठल्या. मग तू रडलीस आणि मी तुला रडू दिलं. मला वाटलं होतं की आता तू राहशील. सोमवारी सकाळी तू बोचकं बांधलंस. येसेनियाची लेकरं आहेत, आणि गिरणीवरची तोंडं आहेत, दोन्ही मला कळतं. यावेळी दारावर हाक मारून गेलीस, तेवढं पुष्कळ झालं.

इकडची बातमी. तू गेल्यावर तीन दिवस बारीक पाऊस लागून राहिला, घाई नसलेला. नळीत एकूण एकसष्ट, पण मुख्य म्हणजे सळई सगळीकडे कोपरभर गेली. मी पायरीवर सांगितलं आणि गावाने टोकलं. या वेळी कुणी पुण्य विचारलं नाही. लेओकादिओंच्या मोठ्याने आधीच पेरलं होतं, त्याचा निम्माच उगवला. धाकट्याने जाऊन त्याला बियाणं दिलं, न बोलता.

तुझा घेवडा सगळ्यांच्या आधी वर आला. तिसरं पान फुटलंय. गावातले लोक संध्याकाळी फिरायला म्हणून तिकडे जातात आणि पाल्यात हात घालून बघतात. मी हाकलत नाही.

पण तणही आलंय. तुझ्या पाल्यातूनही आलंय, आणि माझ्या उघड्या तुकड्यात तर विचारू नकोस. दोन्हीकडची निंदणी माझ्या एकटीच्या कंबरेला झेपणार नाही आणि मजूर लावायची माझी ऐपत नाही. एकच तुकडा वेळेत होईल. आधी तुझा घेऊ की माझा, ते सांग.

उत्तर कागदावर पाठवू नकोस.

फिदे